बुलेटखालची परात

"बुलेट गेली माझी!"

दत्तप्रसाद बर्वेंचा फोन चौकीवर आला तेव्हा सदाशिव पेठ नुकतीच दुपारच्या झोपेतून उठत होती. हवालदार सोजरबाई तिथे पोहोचल्या. इमारतीखालची जागा रिकामी होती. भिंतीवरची पाटी मात्र शाबूत होती : 'गाडीला हात लावू नये. ती विकायची नाही आणि तुम्हाला परवडणारही नाही.'

"किती जुनी?"

"माझ्या लग्नाआधीची. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे. सगळ्यांत पुढे मीच असतो."

फरशीवर तेलाचे काळे डाग होते. मधोमध एक स्वच्छ गोल.

"इथे काय होतं?"

"परात. जुनं इंजिन, तेल गळतं. अहो, परातीचं काय घेऊन बसलात? मन्सूर मिस्त्रीला धरा. ती गाडी सुरू करणं माझ्याखेरीज फक्त त्यालाच जमतं."

बर्वेंची मुलगी उत्कर्षा, दातांची डॉक्टर, चहा घेऊन आली. तिने कप वडिलांच्या डाव्या हाताशी ठेवला.

"चहा आणतेस ना?" बर्वेंनी विचारलं.

तिने कप उजवीकडे सरकवला.

समोरचा किराणावाला सुदर्शन दुपारी दुकान बंद करून आतच पडतो.

"बुलेटचा आवाज आला?"

"मॅडम, ती सुरू झाली की माझ्या बरण्या नाचतात. आज बरण्या गप्प होत्या."

सोजरबाई गल्लीतून चालत निघाल्या. दुकानांना पायऱ्याच पायऱ्या. उतार एकाच दाराला, उत्कर्षाच्या दवाखान्याला. शटर खाली होतं. त्यावर कागद : 'पेस्ट कंट्रोलमुळे आज बंद. दात दुखत असल्यास लवंग धरावी.'

चौकीत मन्सूरला आणून बाकावर बसवलं होतं.

"दुपारी कुठे होतात?"

"गॅरेजात."

"कुणी पाहिलं?"

"एकटाच होतो. मॅडम, न्यायचं तिथे न्या. फक्त नातीच्या शाळेवरून नेऊ नका."

संध्याकाळी सोजरबाईंनी मन्सूर, बर्वे आणि उत्कर्षा, तिघांनाही दवाखान्यासमोर उभं केलं.

"चोर परात नेत नाही," त्या म्हणाल्या. "परात नेतो तो, ज्याला गाडी ठेवायची तिथली फरशी जपायची असते. आवाज आला नाही, म्हणजे गाडी सुरूच झाली नाही. ढकलत नेली. मग ती सुरू करता येणाऱ्यावर संशय कशाला? आणि एवढं धूड ढकलायचं तर जवळच, पायरी नसेल तिथे. डॉक्टर, शटर उघडा."

शटर वर गेलं. पांढऱ्या फरशीवर, पेशंटच्या खुर्चीशेजारी बुलेट उभी होती. खाली परात.

"एकटीने?" बर्वे पुटपुटले.

"लहानपणापासून ढकलतेच आहे, बाबा. गेल्या आठवड्यात मी मागे बसले होते. एका शाळकरी पोरीच्या दप्तराला हँडल लागलं. पडली ती. तुम्हाला कळलंसुद्धा नाही. डावीकडचं दिसत नाही तुम्हाला. हे सांगितलं, तर दोन दिवस बोलणं टाकलंत. रविवार टळावा, एवढंच मनात होतं."

"आणि हे?" सोजरबाईंनी मन्सूरकडे बोट केलं. "हे बाकावर बसून होते, हे ठाऊक होतं तुम्हाला."

"दोनदा चौकीच्या दारापर्यंत आले. आत पाऊल पडेना. मन्सूरचाचा..."

बर्वेंनी खिशातून किल्ली काढली. "मन्सूर, चुकलो मी. एकदा सुरू कर. मग किल्ली तुझ्याकडेच ठेव."

मन्सूरने गाडीकडे पाहिलं. टाकीवरून एकदा हात फिरवला.

"आज नको, साहेब. आज पाय उचलत नाही."

तो उतारावरून खाली गेला.

"अरे, थांब!" बर्वे गाडीला वळसा घालून धावले. डावा पाय परातीला लागला. ती कलंडली. काळं तेल पांढऱ्या फरशीवर पसरलं.

उत्कर्षा वाकली.

"राहू दे," ते गुडघ्यांवर बसत म्हणाले. "मला पुसू दे."

रुमाल घेऊन ते पुसत राहिले. उजवीकडचंच.