सोनगीरचं सिमेंटचं कमळ

"अहो, भिजताय काय... आत या! आणि हे धरा!"

मी पावसात उभ्या त्या अनोळखी तरुणाच्या कपाळाला बुक्का लावला, हातात टाळ दिले. श्रावणातली एकादशी. महामार्गालगत, सोनगीरजवळ, माझ्या आबांचं कीर्तन रंगात आलेलं – आणि टाळकरी एक कमी!

"पण मी तर—"

"पण-बिण आरतीनंतर."

आमचं कीर्तन भरतं सिमेंटच्या कमळाखाली. एकाच खांबावर उमललेल्या आठ पाकळ्या. साठेक वर्षांपूर्वी प्रकाशचंद शेठजींनी हॉटेलच्या गिऱ्हाइकांना सावली म्हणून बांधलेलं. हॉटेल कधीच बंद पडलं. पण पाकळ्यांखाली कुजबुजलं तरी पार टोकाला ऐकू जातं, म्हणून आबांना माइक लागत नाही.

तो मध्येच उठायला लागला, तर शेजारच्या टाळकरी झुलालनानांनी त्याची बाही ओढली. "बस भाऊ, आरती बाकी शे!"

टाळ हाती घेतला की आरतीपर्यंत उठायचं नाही, हा आमचा नेम. बिचारा बसला. ठेका चुकत होता. मी गुडघ्यावर बोटानं दाखवला... तो हसला, आणि मग माझाच चुकला.

आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन तो म्हणाला, "मी पुनीत. शेठजींचा नातू. मापं घ्यायला आलो होतो. सोमवारी हे... पाडायचंय."

"आधी सांगायचं ना!"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

"पाडायचं का पण?"

"इथे दुकानांचे गाळे बांधायचेत. शिवाय सळ्या गंजल्यात. पाकळी पडली कुणाच्या डोक्यात तर?"

"शिकलात काय तुम्ही?"

"सिव्हिल इंजिनियर आहे."

"मग दुरुस्त करा की! पाडायला इंजिनियर कशाला लागतो?"

तो वर बघत राहिला... मग माझ्याकडे.

सोमवारी जेसीबी आला नाही. पुनीत आला, आजोबांना घेऊन. नव्या नकाशात गाळे मागे सरकले होते. आबांनी एक अभंग म्हटला. शेठजी डोळे मिटून खांबाला हात लावून उभे होते. "राहू दे," एवढंच म्हणाले.

दोन महिने पुनीतनं गंज खरवडला, नवं सिमेंट भरलं. कार्तिकी एकादशीला तो टाळ घेऊन माझ्या शेजारी बसला. आबा पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात तो अगदी हळू म्हणाला,

"ललिता... मला तू फार आवडतेस."

इतकी मापं घेतली, पण कमळाचा तो गुण काही त्याच्या ध्यानात आला नव्हता! सगळ्या मंडळींच्या माना वळल्या. आबांनी उपरण्यात हसू लपवलं. पुनीत लाल होऊन उठायला लागला.

मीच त्याची बाही ओढली.

"बसा," मी पुटपुटले, "मलाही..."

तेही टोकापर्यंत ऐकू गेलं. झुलालनाना ओरडले,

"बस भाऊ! आरती बाकी शे!"