तीनदा बदलून मिळेल

"हात दाखवा," तो म्हणाला.

मी माऊस घ्यायला आले होते, भविष्य विचारायला नाही. तरी मुकाट्याने उजवा हात काउंटरवर ठेवला. त्याने हाताला हात लावला नाही. फक्त शेजारी पट्टी ठेवली, मनगटापासून मधल्या बोटापर्यंत मोजलं आणि मान हलवली.

"दुखतं कुठे?"

"मनगटात. मग वर कोपरापर्यंत."

"दिवसाला किती तास काम?"

"अहवाल लागला की दहा."

लालबागला एका छापखान्यात मी डीटीपी करते. श्रावण लागला की गणपती मंडळांचे अहवाल येतात. कार्यकर्त्यांचे फोटो, आरत्या, आणि मग पानंच्या पानं जाहिराती. यंदा आमच्याच मंडळाचं पन्नासावं वर्ष, दोनशे पानांचं बाड, आणि माझं मनगट सुजून टम्म. 'हात चालत नसेल तर दुसरी मुलगी बघू का?' असं मालक दोनदा बोलून गेले होते. म्हणून हिंदमाताला साड्यांच्या दोन दुकानांमधला हा अरुंद जिना चढून या दुकानात आले होते.

त्याने चार माऊस ओळीने मांडले. "हा वायरचा. हा बिनवायरचा. हा उभा, शेकहँड केल्यासारखा धरायचा. आणि हा जागचा हलतच नाही, वरचा गोळा अंगठ्याने फिरवायचा."

"यातला चांगला कुठला?"

"ते तुमचा हात सांगेल."

"हात बोलत असता तर एवढे जिने कशाला चढले असते? आणि तुम्ही-बिम्ही नको रे, मी काय काकू आहे का?"

तो हसला. हसला की त्याचा चष्मा थोडा वर जायचा... आणि माझ्या डोक्यातले चारही माऊस एकमेकांत मिसळून गेले. कुठला बिनवायरचा आणि कुठला उभा, काही आठवेना.

त्याच्या मागे पाटी होती - 'वापरून बघा. तीनदा बदलून मिळेल.'

"बाबांचा नियम," तो म्हणाला. "चौथ्यांदा येणारा माणूस माऊस बदलायला येत नाही, म्हणतात ते."

"मग कशाला येतो?"

"ते अजून कळलेलं नाही. कोणी आलंच नाही."

त्याने एक वही पुढे केली. नाव, माऊस, बदलण्याचं कारण, सही. मी सही केली - आकांक्षा परब. तो सहीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. अक्षर आवडलं असेल, अशी मी आपली समजूत करून घेतली.

आधी नेलेला बिनवायरचा चार दिवसांत परत केला. एवढासा जीव, बोटं आखडायची. वहीत कारण लिहिलं. गोळ्याचा नेला, तर अंगठा ठणकायला लागला, तोही बदलला. दर खेपेला शंतनु... हो, नाव कळलं होतं एव्हाना... स्टूल पुढे करायचा, खालून कटिंग चहा मागवायचा आणि विचारायचा, "आज कितवं पान?" घरी कोणी मला हे विचारत नव्हतं. आई एवढंच म्हणायची, "देवाचं काम आहे, सांभाळून कर."

मग उभा माऊस नेला. आणि इथे घोळ झाला. तो बरा होता. हात थोडा कमी दुखत होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. माऊस पटला की हिंदमाताचा जिना संपला. मला माऊस हवाय की जिना, हेच कळेना. आठवड्याने मी उभा माऊस पिशवीत घातला आणि गेले.

"बटण अडकतं," मी म्हटलं.

शंतनुने माऊस कानाजवळ धरून वीस-पंचवीस वेळा दाबला. टिक, टिक, टिक. मी पंख्याकडे बघत बसले.

"अडकत नाही," तो म्हणाला.

"मग... घरी अडकत असेल."

"आकांक्षा, हा शेवटचा बदल." त्याने खणातून एक अगदी साधा माऊस काढला, दोन्ही बाजूंनी सारखा. "हा ने. डावीकडे ठेव. बटणं उलटी कशी करायची ते लिहून देतो."

"डावीकडे?"

"तू डावखुरी आहेस. सही डाव्या हाताने करतेस, कप डाव्या हाताने उचलतेस."

लहानपणी डावा हात पुढे केला की आई चापट मारायची. प्रसाद उजव्या हाताने, जेवण उजव्या हाताने. लिहिण्यापुरती कशीबशी सूट मिळाली. माऊस तर कॉम्प्युटर क्लासमध्ये उजवीकडेच ठेवलेला होता, आणि कामावर स्क्रीनवर सारखा गणपती. तिथे डावा हात न्यायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्या सहीला."

"पहिल्या...? मग बोलला का नाहीस?"

त्याने चष्मा काढून पुसला. "बोललो असतो तर तू परत आली नसतीस."

हे ऐकून गाल गरम झाले, आणि लगेच रागही आला. दोन्ही एकाच वेळी. "पंधरा दिवस माझा हात दुखत होता, शंतनु. माझं काम जायची वेळ आली होती." साधा माऊस उचलला आणि जिना उतरले. निम्म्यावर आठवलं की खोटं मीही बोलले होते. पण परत चढले नाही.

पहिले दोन दिवस डाव्या हाताने सगळा गोंधळ. गणपतीच्या फोटोला मनातल्या मनात सॉरी म्हटलं. तिसऱ्या दिवशी हात पळायला लागला आणि मालकांची बोलती बंद झाली. उजवं मनगट शांत झालं होतं. मी मात्र झाले नव्हते. राग गेलाय का, हे दर तासाला तपासून बघत होते.

शेवटच्या जाहिराती घेऊन मंडळाचे लवूकाका आले. एक कागद त्यांनी वेगळा काढला.

"ह्यां काय गो आकांक्षा? लोक शुभेच्छा देतत, हो माफी कसली मागता? ह्येणा आमचा काय घोडा मारल्यान?"

कागदावर लिहिलं होतं - 'पाव पान जाहिरात. पहिल्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं. चूक झाली. माफी असावी. - एक हितचिंतक, हिंदमाता.'

"मी प्रूफ पास करून घेते, काका," मी म्हटलं आणि कागद पटकन ओढून घेतला.

आमच्याकडे जाहिरातदाराची सही झाल्याशिवाय पान छापत नाहीत. संध्याकाळी मी प्रूफ काउंटरवर ठेवलं.

"सही कर."

शंतनु उठून उभाच राहिला. "हितचिंतक सही कशी करणार?"

"माझा हितचिंतक असता तर हात दुखू दिला नसता. दुसरं काहीतरी लिही."

"मग मी कोण?"

"तेच मलाही कळत नाहीये. तू लिही."

त्याने पेन घेतलं. 'एक हितचिंतक' खोडून स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. थांबला. मग माफीची ओळ खोडली आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलं - 'आकांक्षा, तू मला आवडतेस.'

मी दोनदा वाचलं. प्रूफ वाचायची सवयच आहे.

"दोन हजार प्रती निघणार," मी म्हटलं. "आई पहिल्या पानापासून वाचते."

"मग बदलतो. साध्या शुभेच्छा लिहू?"

"लिही. प्रूफ आमच्याकडेही तीनदा बदलून मिळतं." मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "पण खोडलेलं प्रूफ परत मिळत नाही. आणि बटण अडकत नव्हतं, शंतनु. मलाच यायचं होतं. तीन बदल संपले, आज चौथ्यांदा आलेय."

तो पाटीकडे बघून हसला. चष्मा वर गेला.

"हात दाखव," तो म्हणाला.

मी डावा पुढे केला. या वेळी त्याने पट्टी घेतली नाही.