डळमळता सूर

इचलकरंजीत माग अजून चालत होते. तिन्ही पाळ्यांत, रात्रंदिवस, भिंती हलवत चालत होते. फक्त गेली अकरा वर्षं ते कुणाला ऐकू येत नव्हते. मागांच्या शेडला लागून असलेल्या देवळात लोक शांतपणे जप करत, शेजारच्या घरात तान्हं बाळ निवांत झोपे. गावात प्रत्येकाच्या कानात हरभऱ्याएवढा कर्णमणी बसवलेला होता आणि तो हा खडखडाट आत येऊच देत नसे. बाहेरगावचा पाहुणा मणी न घालता स्टँडवर उतरला, तर दोन्ही कान दाबून जागच्या जागी उभा राही. गावकरी त्याला हसत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मणी घ्यायला पाठवत.

सन्मती मगदूमला मण्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. तो चाळीस वर्षं जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. तरुणपणी त्याची पद्धत ठरलेली होती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मागाच्या चौकटीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग खातंय, कुठला दात झिजलाय, हे तो मिनिटभरात सांगे आणि ते कधी चुकत नसे. पण ज्या कानांवर त्याचं पोट चाललं, तेच कान मागांनी खाल्ले. आता मणी काढला की त्याला फक्त आपल्या छातीतली धडधड जाणवे. गावात मात्र अजून दबदबा होता. सन्मती जॉबरने कान लावून 'ठीक आहे' म्हटलं की विषय संपला.

निवृत्तीनंतर माणसं शेती घेतात, राजकारणात पडतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात खोड्या काढतात. सन्मतीने सिंथेसायझर जोडायला घेतला. सुट्या भागांचा खोका पोस्टाने आला, साध्या सायकलपेक्षाही स्वस्त. जन्मभर लोखंडात हात घातलेल्या माणसाने भिंगातून बघत, कथिलाचा डाख देत, चार बोटं भाजून घेत तीन आठवड्यांत तो उभा केला. लाकडी पेटी, पंचवीस पट्ट्या, नऊ फिरकी बटणं आणि एका भोकातून दुसऱ्यात घालायच्या रंगीत वायरी.

हे वाद्य जुन्या पद्धतीचं होतं, आणि त्या जुनेपणातच सगळी मेख होती. आजकालच्या वाद्यांत सूर आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. पट्टी दाबली की तोच सूर, काल होता तसाच, उद्या असेल तसाच. या पेटीत काहीच साठवलेलं नव्हतं. इथे विजेचा दाबच सूर होता. दाब वाढला की सूर चढे, कमी झाला की उतरे. भाग साधे, किलोवर मिळणारे. खिडकीतून ऊन आलं की ते तापत, पंखा लावला की निवत, आणि सूर केसभर इकडचा तिकडे होई. सन्मतीने सुरुवातीला बटणांच्या जागा वहीत टिपून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तंतोतंत तशाच लावल्या, तर पेटीतून तिसरंच काहीतरी आलं. आधी तो चिडला. मग खदखदून हसला आणि वही रद्दीत टाकली.

रोज साडेचारला तो पेटी लावायचा. ती दहा मिनिटं गरम होईपर्यंत शेंगदाणे खायचा, मग सूर जुळवायचा, आणि तो निसटू लागला की त्याच्या मागे जायचा. संगीत त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो जुन्या शेडमधला ठेका खालच्या पट्ट्यांवर धरायचा आणि वर एकच सूर लांबवत घुमारा कापणारं बटण हळूहळू उघडायचा. सूर असा फुलायचा की त्याला या वयातही पोटात गुदगुल्या व्हायच्या.

आठव्या दिवशी स्वयंपाकघरातून कुणीतरी विचारलं, "चहा घेताय न्हवं?"

आवाज घोगरा होता, फाटलेला, शब्दागणिक दम लागलेला. सन्मतीला वाटलं शेजारची कुणी म्हातारी आली. त्याने वळून बघितलं तर कपबशी घेऊन त्याची बायको उभी होती.

"त्रिशला, तुझ्या आवाजाला काय झालंय?"

"कुठं काय?" ती त्याच आवाजात म्हणाली, आणि स्वतःच दचकली. तिचा हात आपल्या कानातल्या मण्याकडे गेला.

पेटी बंद केल्यावर पाचेक मिनिटांत तिचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. पेटी लावली, पुन्हा फाटला, आणि मागांचा खडखडाटही आत येऊ लागला. चार दिवस दोघं पेटीलाच दोष देत राहिले. पाचव्या दिवशी त्रिशला खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी तुमाला दोन वर्षं सांगालेय, घसा दुखतोय म्हणून. तुमी काय म्हणाला? आवाज झकास हाय तुझा, काय झालेलं न्हाई. तुमचा कान म्हटल्यावर मी बी गप बसले."

सन्मती तडक उठला. तिला घेऊन तो सांगलीला मोठ्या दवाखान्यात गेला. घशात गाठ होती, वाढलेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: दीड वर्षापूर्वी आला असता तर एवढ्याशा कापाने भागलं असतं, आता स्वरयंत्र काढावं लागेल. तारीख मिळाली सहा आठवड्यांनंतरची. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

त्या दिवसापासून पेटी साडेचारची वाट बघेना. त्रिशला जागी असे तोवर एक पट्टी काडी अडकवून दाबलेली असायची, सूर घरभर डळमळत असायचा, आणि दोघं बोलत असायची. लग्नातल्या जेवणावळीपासून ते कालच्या आमटीपर्यंत काय काय. तो फाटका आवाज सन्मती कानांनी नुसता पीत होता. अकरा वर्षं उपाशी होता ना.

तिसऱ्या आठवड्यात डॉ. इरावती सोमण आल्या. कर्णमणी बनवणाऱ्या कंपनीत त्या संशोधक होत्या, पन्नाशीच्या, बोलायला मऊ. या इमारतीतले सगळे मणी दिवसदिवस चुका नोंदवतात, असं त्यांच्या पडद्यावर दिसलं होतं.

"एवढ्याशा पेटीनं तुमचा मणी गंडतो?" सन्मतीने पेटी थांबवून विचारलं.

"गंडतो," त्या हसल्या. "तुम्ही कारागीर आहात, तुम्हाला सांगायला हरकत नाही. आवाज ऐकायचा, त्यातला गोंगाट काढायचा आणि मग कानाला द्यायचा, याला वेळ लागतो. सुरुवातीच्या मण्यांत ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचा. लोक वैतागले. म्हणून आम्ही मण्याला वाट बघायलाच लावलं नाही. पुढच्या क्षणी काय ऐकू येईल याचा तो आधीच अंदाज करतो आणि तो अंदाजच ऐकवतो. याला आम्ही पूर्वश्रुती म्हणतो."

"आणि अंदाज चुकला तर?"

"सहसा चुकत नाही. जगातले बहुतेक आवाज त्याच त्या चालीचे असतात. जुन्या संसारात नाही का, समोरच्याचं वाक्य आपणच मनात पुरं करतो. थोडाफार फरक पडला तर मणी तो गोंगाट समजून पुसतो. पण तुमच्या पेटीचा एकही सूर मागच्यासारखा नसतो. अंदाज लागोपाठ चुकले की मणी हात टेकतो आणि जे येईल ते नुसतं मोठं करून ऐकवतो. उघडा कान म्हणतो आम्ही त्याला."

"बायकोचा घसा दोन वर्षं फाटत चाललेला," सन्मती म्हणाला, "हा बी गोंगाटच का?"

बाईंनी त्रिशलाकडे पाहिलं. त्यांना दवाखान्याचं माहीत नव्हतं. सन्मतीने सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. "आवाज रोज केसभर बदलला असेल," त्या हळू म्हणाल्या. "रोजचा केसभर मण्याने पुसला. माफ करा."

"मग त्यो अंदाज बंद करून द्या. नुसतं मोठं करून ऐकवू दे."

"ते बटण पहिल्या मण्यांत होतं. कुणी वापरेना, म्हणून काढलं. आता मणी तसा घडवताच येत नाही." त्यांनी पिशवीतून कागद काढला. "ही पेटी पंधरा दिवस आमच्याकडे द्या. मणी तिचा स्वभाव शिकेल, मग कुणाला त्रास नाही. शेजाऱ्यांचीही तक्रार आहे. वरच्या मजल्यावरचे रुकडीकर लिहितात, यंत्र सुरू झालं की आमचे वडील अंथरुणातून हाका मारायला लागतात."

त्रिशलाने हात लांब करून पेटीचं बटण दाबलं. सूर निघाला, घसरला, सावरला, पुन्हा घसरला. अर्ध्या मिनिटात मागांचा गडगडाट भिंतीतून आत घुसला, आणि त्यातूनच वरून एक थकलेली हाक आली. "अरं, कोन हाय का? पानी..."

"यंत्रामुळं न्हाई मारत हाका," त्रिशला फाटक्या आवाजात म्हणाली. "रोज मारतात. दिवसभर. मी गच्चीवर कपडे वाळत घालाय जाताना दारातनं त्यांचं तोंड हललेलं बघते. मला वाटायचं जप करालेत."

बाईंच्या हातातला कागद तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "ताई, एक सांगू? तुमचं ऑपरेशन झालं तरी ह्यांना तुमचा आवाज ऐकू येईल. तुमच्या श्वासाची चाहूल, पावलं, दिवसाची वेळ, अकरा वर्षांच्या सवयी, एवढ्यावर तुम्ही काय म्हणणार हे मण्याला बरोबर कळतं. तुमच्या चांगल्या काळातला आवाज आहे त्याच्याकडे. पेटी गप्प असली, तर ह्यांना फरकसुद्धा कळणार नाही."

हे त्यांनी मनापासून धीर द्यायला सांगितलं होतं. सन्मती क्षणभर डळमळला, हेही खरं. तो आवाज त्याला आवडत होताच की.

"म्हंजे मी मुकी," त्रिशला म्हणाली, "आणि माझ्या नावानं बोलणार दुसरंच कोणतरी? मी भांडले तर ते गोड बोलणार? मी नको म्हटलं तर ते हो म्हणणार? आणि ह्ये त्याचंच ऐकणार?" तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरू दिली आणि म्हणाली, "माझा आवाज जाऊ दे. माझं गप बसणं तरी माझं असू दे."

सन्मतीने कागद घेतला, 'नाकारले' असं मोठ्या अक्षरांत लिहून खाली सही ठोकली.

"कंपनी सक्तीही करू शकते," बाई म्हणाल्या. त्यात धमकी नव्हती.

"करू दे की. ही नेली तर दुसरी जोडीन. सायकलीपेक्षा स्वस्त पडती. आणि भारीतले भाग घालणार न्हाई मी, बाई. हेच वापरणार, किलोवरचे. दोन पेट्या सारख्या होत न्हाईत ह्यातनं. तुमचा मणी एक शिकंस्तोवर मी गल्लीत धा जणांना जोडाय शिकवतो. बघू कोण दमतंय."

बाईंनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. सूर अजून वाजत होता आणि वरून हाक येत होती. दाराबाहेर त्या थोडा वेळ थांबल्या. मग जिना उतरायच्या ऐवजी वर गेल्या.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. त्रिशला बरी होऊन घरी आली, गळ्यापाशी छोटं भोक आणि त्यावर पांढरा रुमाल. बोलण्याचं अडलं नाही. लग्नाआधी दोघं एकाच शेडमध्ये कामाला होती, तो जॉबर आणि ती सुताच्या कांड्या भरणारी, आणि त्या खडखडाटात तोंडाने कुणीच बोलत नसे. शेडची स्वतःची खुणांची भाषा होती. बोटं आडवी मारली की धोटा अडकला, अंगठा ओठाला लावला की चहा, हात हवेत गोल फिरवला की माग चालू ठेव. प्रेमसुद्धा त्यांनी याच भाषेत जमवलं होतं. चाळीस वर्षांनी ती भाषा पुन्हा कामाला आली.

कंपनीकडून दोन नोटिसा आल्या. सन्मतीने त्यांच्या कोऱ्या बाजूंवर वायरिंगच्या आकृत्या काढल्या. त्या बघून गल्लीत चार पेट्या उभ्या राहिल्या होत्या, पाचवीचं काम रुकडीकरांच्या घरात चाललं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी त्रिशला समोरच मेथी निवडत बसली होती. पेटी वाजत होती. तिच्या बाजूने कुठलाच आवाज येत नव्हता, फक्त रुमालाखालचा श्वास आणि मेथीच्या काड्या मोडण्याची बारीक कटकट. सन्मतीला ते ऐकायला बरं वाटत होतं. बोटं आखडली म्हणून त्याने पट्ट्यांवरून हात उचलले आणि चोळत बसला.

हळूहळू माग विरत गेले. खोली मऊ झाली. आणि साडेपाचच्या ठोक्याला तो आवाज आला, खणखणीत, लाघवी, अकरा वर्षांपूर्वीचा.

"बास करा की आता. दमलाय तुमी. चहा घेताय न्हवं?"

सन्मतीने वर पाहिलं. त्रिशला समोर होती. तिचे ओठ मिटलेले होते आणि डोळे मेथीच्या जुडीवर.

"ठेवा ती पेटी," आवाज मायेने म्हणाला. "माझ्याशी बोला जरा."

असं ती खरंच म्हणायची. अगदी असंच. त्याला रडू फुटलं. ते हुंदके त्रिशलाच्या मण्याने तिला ऐकू दिले की नाही कुणास ठाऊक. तिने मान वर केली, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकदा रिकाम्या हवेकडे, जिथे तो कान लावून होता. तिला सगळं कळलं.

तिने मेथी बाजूला सारली, हात वर केला आणि हवेत गोल फिरवला, जोरात, खांद्यापासून. चालू ठेव.

"बास म्हटलं न्हवं?" तिचा आवाज लाडाने म्हणाला.

सन्मतीने डोळे पुसले, हाताचं ऐकलं आणि पट्टी दाबली.