न उगवलेला पट्टा

होडी नदीच्या मधोमध आली, नावाड्याच्या सुनेने वल्हं उचललं, आणि मावशीआजी गप्प झाली.

दिवाणखान्यात पंधरा म्हातारी माणसं आणि सुट्टीत उंडारणारी तीन मुलं कान टवकारून बसली होती. आजीची गोष्ट अशी मध्येच कधी अडायची नाही. कोणी खाकरलं, कोणी पाण्याचा पेला पुढे केला. आजीने काळा चष्मा नाकावर सारखा केला.

"पुढचं आठवत नाही. उठा आता."

दारात उभ्या असलेल्या व्यवस्थापकांनी मान हलवली. हवा असलेला कागद फायलीत सापडावा, तशी. फौजदारने ती मान हलताना पाहिली आणि दात आवळले.

मुलीचं नाव वेगळं होतं. पण घरादाराला हुकूम सोडायची सवय, म्हणून सगळे तिला फौजदारच म्हणत. तिची आई या वृद्धनिवासात परिचारिका. पोरांना घरी सोडलं तर छप्पर डोक्यावर घेतील, म्हणून आई फौजदारला, तिच्या मावसभावाला लांबूला आणि शेजारच्या बडबडीला रोज बरोबर आणायची. मावशीआजी ही आईची सख्खी मावशी. तळमजल्यावरची एक खोली, खोलीमागची फुलबाग आणि अवजारांच्या कोठीची किल्ली, एवढाच तिचा संसार. पण त्यात तिच्या शब्दाबाहेर पान हलत नसे.

भानगड झाली निशिगंधाची. डोळ्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी आजीने मोठ्या वाफ्यात सहा ओळी कंद लावले. मग चार दिवस दवाखाना, आणि पुढे पंधरा दिवस वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही. ती बागेत आली तेव्हा बाकीचे कोंब चार बोटं वर आले होते आणि मधेच जमीन उघडी पडली होती. आजी म्हणाली, मी सगळीकडे लावले. व्यवस्थापक म्हणाले, विसरला असाल. दोन-तीनदा हेच झालं आणि त्यांनी निकाल देऊन टाकला. सोमवारपासून आजींची खोली वरच्या मजल्यावर, जिथे विसरणाऱ्या माणसांवर दिवसरात्र लक्ष ठेवतात. किल्ली तर लगेचच कार्यालयात जमा. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. आणि घाईतल्या माणसाला पहिलं उत्तर सापडलं की दुसरं शोधायचा कंटाळा येतो.

गोष्ट अडली त्या दुपारी फौजदार आजीच्या खोलीत जाऊन बसली.

"आजी, खरंच आठवत नाही का गं पुढचं?"

आजी बराच वेळ चष्म्याच्या काड्या उघडत-मिटत राहिली. "आठवतं. पण कंद लावल्याचंही असंच लख्ख आठवतं. ते उगवलेच नाहीत. मग गोष्टीतलं जे आठवतं, ते तरी बरोबर कशावरून? चारचौघांत हसं करून घेण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर आजीनेच त्याला फैलावर घेतलं असतं. फौजदारला रडू येणार होतं, पण त्याच्या आधी राग आला. ती तडक बाहेर पडली आणि दोघांना घेऊन वरच्या मजल्यावर गेली. आजीला कुठे डांबणार आहेत ते तरी बघू, म्हणून.

खोली छोटी, खिडकी उंच. लांबूला टाचा उंचवायची गरज नव्हती. तो खाली वाफ्याकडे बघत राहिला. बडबडी विचारून विचारून दमली, तेव्हा कुठे तो म्हणाला, "ओळी उभ्या आहेत. न उगवलेला पट्टा तिरपा आहे."

फौजदारने स्टूल ओढलं. खरंच. सहाही ओळी कापत एक तिरपा, सरळसोट पट्टा गेला होता, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून थेट गाड्या लावायच्या जागेपर्यंत.

"विसरणारं माणूस काय पट्टीने आखून विसरतं?" ती म्हणाली.

तिघं धडाधड जिने उतरली. किल्ली जमा झालेली, म्हणून स्वयंपाकघरातून जुना चमचा आणला. लांबूने हलक्या हाताने माती बाजूला केली. कंद होता! पण मुळं आभाळाकडे आणि शेंडा पाताळात. दुसराही तसाच, तिसराही तसाच. बडबडीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, हे दाखवलं तर साहेब म्हणतील, बघा, आजींना आता उलटंसुलटंही कळेना. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. फौजदार क्षणभर घुटमळली आणि मग म्हणाली, "अजून खाली खण."

वीतभर खाली चमचा खट्‌कन वाजला. नवाकोरा पाइप! शेजारी पाइप कापताना पडलेला भुसा. पाइपच्या टोकाला, गाड्यांपाशी, नवा नळ चमकत होता.

निवासाचा नेहमीचा नळवाला त्या वेळी न्हाणीघरात तोटी बसवत होता. त्याच्याशी बोलायचं काम बडबडीला दिलं. दगडालाही बोलतं करील अशी ती. नळवाला तर मुळातच गप्पिष्ट. आजी दवाखान्यात असताना गाडी धुवायला नळ हवा म्हणून साहेबांनी चर खणायला लावला, कंद होते तसे परत लावायला सांगितलं, आणि आपण लावले, असं त्याने सांगून टाकलं. "कंदाला केसासारखी तुसं दिसली, वाटलं कोंब फुटलेत. वर करून लावले. का गं, चुकलं काय?"

तिघांनी त्याला हत्यारांच्या पिशवीसकट बागेत आणलं. आई आली, व्यवस्थापक आले, आजी आली. नळवाल्याने तेच पुन्हा सांगितलं. व्यवस्थापकांचे कान लाल झाले.

"अरे, हो की. मीच सांगितलं होतं. पार विसरलो."

आजीने काळा चष्मा काढून त्यांना नीट न्याहाळलं.

"वय काय तुमचं?"

"पंचेचाळीस."

"मग लहान आहात. इतक्यात वरच्या मजल्यावर नको न्यायला."

आईला हसू आवरेना. व्यवस्थापकही शेवटी हसले, पण हात जोडून. चुकलो म्हणाले, खोली तुमची, किल्ली तुमची, आणि पुढे बागेत कुदळ पडेल ती तुम्हाला विचारूनच. मग मुलांकडे वळून म्हणाले की आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. आजीने फौजदारच्या डोक्यावर हात ठेवला. "दिसणारच. खाली वाकून बघितलं त्यांनी."

एवढ्यावर ती कोणाला सोडणार नव्हती. व्यवस्थापकांनी बाह्या दुमडल्या, नळवाल्याने पिशवी खाली ठेवली, आणि दोघं वाफ्यात उकिडवे बसले. म्हातारी माणसं खुर्च्या ओढत बाहेर आली. आजीने उभ्याउभ्याच नावाड्याच्या सुनेला पैलतीरी नेलं, आणि मधूनमधून दोघांना दटावलंही.

दर कंदाला व्यवस्थापक विचारत होते, "ही बाजू वर ना?" शेवटचा मात्र त्यांनी न विचारता लावला. आजीने वाकून पाहिलं आणि काही बोलली नाही. तिच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.