कमेंट वरच हवी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मी पदरचं काहीही घातलेलं नाही. शनिवार होता, दुपारचे दोन वाजले होते आणि ऑफिसात मी एकटी होते.

आमची कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्राम लिहिते. तपासणीसाठी एक लिफ्ट आमच्याच इमारतीत आहे. तिचं तेलपाणी माझा धाकटा भाऊ बघतो.

आमच्याकडे एक खडूस सीनियर होते. सगळे त्यांना बुवा म्हणायचे. कोडचा तुकडा काय करतो, कधी चालवायचा नाही, हे सांगणारी कमेंट त्या तुकड्याच्या अगदी डोक्यावरच हवी, मध्ये रिकामी ओळसुद्धा नको, हा त्यांचा हेका. एकदा मी ती खाली लिहिली, तर चारचौघांत माझी अक्कल काढली. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. खोटं कशाला बोलू?

बुवा अचानक वारले. आठवडाही झाला नव्हता, तोवर मी त्यांच्या सगळ्या कमेंट्स उचलून फाइलच्या तळाशी नेऊन टाकल्या. म्हटलं, जिरवली एकदाची.

त्या शनिवारी मी लिफ्ट खाली आणायचा तुकडा उघडला. वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

चालवला.

मागची खुर्ची... हळूच सरकली.

वळून पाहिलं. कुणी नाही.

एसीची घरघरही थांबली होती. आणि समोरची फाइल आपोआप खाली सरकत होती... थेट तळापर्यंत. तिथे एक नवी ओळ होती.

'लिफ्टखालच्या खड्ड्यात माणूस असताना चालवू नये. आत्ता आहे.'

तेवढ्यात लिफ्टकडून किंकाळी आली. माझ्या भावाची.

मी धावत सुटले...

तो वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला. तो शुद्धीवर आल्यावर मी रडत विचारलं, मला न सांगता लिफ्टखाली उतरलासच कसा?

"ताई, तूच निरोप धाडलास ना?" तो म्हणाला. "एक म्हातारे आले होते, चष्म्याला काळी दोरी बांधलेली. म्हणाले, ताईने लिफ्ट बंद केलीय, उतर बिनधास्त."

भावाने बुवांना कधीच पाहिलं नव्हतं. ती दोरी मात्र मी रोज बघायचे. त्याला हे अजून सांगितलेलं नाही, धीरच होत नाही.

ती ओळ कुणी लिहिली, याची नोंद कुठेच सापडली नाही. सगळ्या कमेंट्स मी पुन्हा वर नेऊन ठेवल्यात. तरी त्यांचा राग गेलाय, असं मला वाटत नाही.