लांबची लेन्स

पहिला कॅमेरा घेणारा माणूस दुकानदाराला लगेच कळतो. तो कॅमेऱ्यापेक्षा कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाच जास्त हात लावतो. गळ्यात अडकवल्यावर आपण कसे दिसू, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. मल्हारही त्याला अपवाद नव्हता. सांगलीतल्या इलियासभाईंच्या दुकानात बसल्याबसल्या त्यानं आरशात बघूनही घेतलं होतं.

कॅमेरा जुना होता, पण जपून वापरलेला. त्याच्याबरोबर नेहमीची छोटी लेन्स मिळणारच होती. आता दुसरी कोणती घ्यायची, एवढाच प्रश्न होता. इलियासभाईंनी काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या. एक पन्नास एमएमची, मुठीत मावेल एवढी. दुसरी अडीचशेपर्यंत झूम होणारी, चांगली वीतभर.

“माझं ऐका मल्हारभाऊ, पन्नासची घ्या,” ते म्हणाले. “उजेड कमी असला तरी चालतंय. माणसांचे चेहरे लय ग्वाड येतात. फक्त झूम न्हाई. जवळचं पायजे तर आपल्या पायानं जवळ जायाचं.”

“आणि ही?”

“ही लावली की जागचं हलायला नको. समोरच्याला पत्तासुदिक लागत न्हाई.”

मल्हारनं मोठी घेतली. ती गळ्यात असली की माणूस फोटोग्राफर वाटतो, हे एक कारण होतं. दुसरं कारण त्याच्या स्वभावातच होतं. कुणाच्या फार जवळ जायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा, कारण जवळ गेलं की लोक विचारतात, तू कुणाचा, कुठला.

घरचे काय करतात असं कुणी विचारलं की तो सांगायचा, आटपाडीकडं शेती आहे. शेती होती, पण तिच्यावर घर चालत नव्हतं. घर चालत होतं मेंढरांवर. दिवाळी झाली की त्याची आई हरणाबाई आणि मामा सिद्धू मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरायचे. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला द्यायचं, बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढच्या रानाला जायचं. बापामागं हरणाबाईनं हे असंच रेटलं होतं. हा कॅमेराही तिनंच कोकरं विकून घेऊन दिलेला. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, “जेवलास का रं?” कॉलेजसाठी घेतलेल्या खोलीतली पोरं ऐकतील म्हणून मल्हार जिना उतरून रस्त्यावर जायचा आणि मग बोलायचा. आईची त्याला लाज वाटायची. लाज वाटते याचीही लाज वाटायची. पण जिना तो उतरायचाच.

रविवारी सकाळी कॉलेजातल्या फोटोवाल्यांची फेरी निघाली. पल्लवी त्यांची म्होरकी. तिला कॅमेऱ्यातलं बरंच कळायचं, आणि मल्हारला पल्लवी आवडायची. त्यानं त्या दिवसासाठी निळ्या चौकड्यांचा नवा शर्ट घातला होता. माधवनगरच्या पुढं, रस्त्याला लागून, नुकताच तुटलेला उसाचा फड होता. उसाचं वाळकं पाचट पसरलं होतं आणि त्यावर मेंढरं बसली होती. कडेला एक घोडा बांधलेला. तीन दगडांची चूल धुपत होती.

“थांबा, थांबा!” पल्लवी म्हणाली. “काय उजेड पडलाय! मल्हार, तुझी लेन्स लाव.”

मल्हारनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि झूम फिरवलं. घोड्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा एकदम जवळ आला. तो त्याच्या ओळखीचा होता. पाण्याची घागर घेऊन येणारी बाई तर त्याची आईच होती.

पुढच्या आठवड्यात सांगलीकडं येतोय असं ती म्हणाली होती. लवकर आली होती.

“जवळ जाऊ या का?” पल्लवी म्हणाली. “तुझ्या आटपाडीकडचेच असतील. ओळखतोस?”

“छे गं,” मल्हार हसला. “आटपाडीत काय कमी धनगर आहेत? कुत्री चावतील, इथूनच काढू.”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःच्या आवाजाची किळस आली. पण शब्द गेले होते, आणि पल्लवी शेजारीच होती. त्यानं शटर दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. लेन्समध्ये आईनं घागर खाली ठेवली, कपाळावर हात आडवा धरला आणि सरळ त्याच्याकडं पाहिलं. एवढ्या लांबून तिला फार तर बांधावर उभी असलेली माणसं दिसत असतील. ती तशीच उभी राहिली, कुणी हाक मारील म्हणून थांबावं तशी.

त्यांचा कुत्रा, मोती, शेपटी हलवत फडातून पळत आला. अर्ध्यावर थांबला. मल्हारकडं बघून त्यानं कान टवकारले. मग मागून कुणी शीळ घालावी तसा गर्रकन वळला आणि घोड्याकडं पळत गेला. घोड्यापाशी कुणीच नव्हतं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला नाही.

मल्हारनं जेवण टाळलं आणि लॅपटॉपवर फोटो उघडले. पहिल्या फोटोत आई, घागर, मेंढरं. मागं घोडा, आणि घोड्याच्या पलीकडं पाठमोरा एक माणूस. फोटो काढताना तो दिसला नव्हता. सिद्धूमामा असेल, मल्हारला वाटलं. पण मामाचं मुंडासं त्याच फोटोत चुलीपाशी स्पष्ट दिसत होतं. रानमालकाचा कुणी असेल, असं म्हणून त्यानं पुढचा फोटो घेतला. माणूस घोड्याच्या अलीकडं आला होता, अजून पाठमोराच. त्याच्या पुढच्या फोटोत तो आईच्या शेजारी होता आणि घागर त्याच्या खांद्यावर होती.

त्याच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता.

पल्लवीचा मेसेज आला. त्यानं दुपारीच सगळे फोटो न बघताच ग्रुपवर टाकले होते. “तुझे फोटो भारी आलेत. पण हा मागचा कोण? शर्ट अगदी तुझा. तू तर माझ्याजवळ उभा होतास ना?”

मल्हारनं मेसेज बंद केला. त्यानं आईला फोन लावला. घंटी वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं कॉलेज बुडवलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो त्या फडावर पोचला, एकटा, गळ्यात कॅमेरा. रस्ताभर त्यानं काय बोलायचं ते जुळवलं होतं. पाया पडायचं, चुकलो म्हणायचं, तिला पल्लवीची गाठ घालून द्यायची, ही माझी आई म्हणून. मेंढरं हलायच्या बेतात होती. घोड्यावर बिऱ्हाड चढत होतं. तो बांध उतरला आणि मोती त्याच्यावर धावून आला, दात काढून, मान ताठ करून.

“मोत्या! आरं, मी हाय!”

कुत्रा गुरगुरतच राहिला. चुलीपाशी बसलेला सिद्धूमामा उठला.

“कोन पावनं?” तो ओरडला. “तितंच थांबा. नवख्या मानसाला चावतंय त्ये.”

“मामा, थट्टा करतोयस व्हय रं?”

मामानं काठी उचलली. थट्टेची एक रेघ त्याच्या तोंडावर नव्हती. मग हरणाबाई पुढं आली. तिनं कुत्र्याला हाकललं, डोईवरचा पदर ओढला. असा पदर ती फक्त परक्यांसमोर ओढायची.

“उन्हाचं आलायसा. पाणी प्या,” ती म्हणाली.

तिनं तांब्या उंच धरला. वाटसराला ओततात तसं वरून पाणी ओतू लागली आणि मल्हारनं ओंजळ पुढं केली. पाणी बोटांतून गळून गेलं. तोंडापर्यंत काही पोचलं नाही.

“आये,” तो म्हणाला. “आये, मी मल्हार.”

“नाव बी त्येच व्हय?” ती हसली. “माझ्या ल्योकाचं बी मल्हारच हाय.”

“आये, चुकलं माझं. काल मी त्या बांधावर हुतो. तुला वळाकली. वळाकून बी...”

भर उन्हात, मामासमोर तो रडू लागला. हरणाबाई ओशाळली. परक्या पोराचं रडणं कसं थांबवायचं हे तिला कळेना.

“असं करू नगा पावनं. कुनाला तरी बगून कुनाची तरी याद येती. माझा ल्योक बी कालच आला बगा. त्या बांधावनंच आला पळत, ‘आये, आये’ करत. संगती शेरातली पोरं हुती त्येच्या. त्यास्नी म्हनला, ‘ही माझी आय.’ सगळ्यांम्होरं!”

तिचा चेहरा उजळला होता. मल्हारनं तो असा कधी पाहिला नव्हता.

“कुठं हाय त्यो?” त्यानं विचारलं.

“त्यो काय. घोड्यापाशी.”

मल्हारनं पाहिलं. घोडा होता, पाठीवर घोंगड्यांची चवड होती, भांडी होती. दुसरं कुणी नव्हतं. पण दोरी आवळली जात होती. गाठ आपोआप बसत होती.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

लेन्समध्ये निळा शर्ट होता. पाठ होती. मानेवर मल्हारचाच तीळ होता.

“फोटू काढताय?” हरणाबाई मागून म्हणाली. “थांबा, त्येला हिकडं बगाया सांगती. मल्हार! आरं मल्हार!”

मल्हारनं तोंड उघडलं. लहानपणापासून या हाकेला त्याच्या घशातून आपसूक ओ जायची.

घशातून काहीच आलं नाही.

“ओ, आये!”

आवाज घोड्याकडून आला. त्याचाच होता.

लेन्समधला माणूस वळला. हरणाबाई भराभर फडातून चालत गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला. फोकस एकदम बसला. मल्हारला लेन्स फिरवावीच लागली नाही. मल्हारचं बोट शटरवर होतं, ते कधी दाबलं गेलं त्याला कळलं नाही.

ती परत आली, “बगू, बगू” करत. त्यानं कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढं धरला. पडद्यावर पाचटाची धूळ होती, तिनं ती पदराच्या टोकानं पुसली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

“लय ग्वाड आलाय,” ती म्हणाली. “तुमास्नी बी आय असंलच की पावनं. तिचा बी काढा एक.”

आणि ती मेंढरांमागं चालू लागली.