तीन आठवड्यांचा उपवास

जिन्याच्या तेराव्या फेरीला कुंदाच्या मनगटावरची तोलपट्टी पुन्हा थरथरली. अजून चार हजार पावले बाकी होती.

शरीराने किती ऊर्जा जाळली ते तोलपट्टी नाडी आणि घामावरून ओळखे. खाल्लेले मात्र तिला तोंडाने सांगावे लागे. दोन्हींचा मेळ घालून ती दुसऱ्या दिवशीचे चालणे ठरवी. सोमवारपर्यंत वजन पंचाहत्तर किलोच्या आत आले, तरच कुंदाचे मूत्रपिंड तिच्या धाकट्या भावाला, दिगंबरला, बसवता येणार होते. काटा सहा दिवस सत्त्याहत्तरवर अडला होता.

डायलिसिसहून परतलेला दिगंबर पायरीवर टेकला होता. ताई आता मूत्रपिंडाऐवजी झिजलेले गुडघेच देणार, असे तो म्हणाला. ती हसली नाही. तिने कठड्याकडे हात नेला, पण तो तिथवर पोहोचण्याआधीच ती पायऱ्यांवर कोसळली.

इस्पितळात डॉ. मुकादमबाईंनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. मग त्यांनी तोलपट्टीवरच्या नोंदी उघडल्या.

"जेवणाचं काय सांगता या पट्टीला?"

"उपवास. तीन आठवडे झाले. ऑपरेशन होईपर्यंत नवस आहे."

"आणि पोटात काय जातं?"

"कपभर दूध. एक केळं."

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. प्रत्येक 'उपवास'पुढे तोलपट्टीने आपणहून लिहिले होते: साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. लाखो घरांतले उपवास पाहून ती शिकली होती. तिच्या मते कुंदा रोज भरपेट खात होती, म्हणून ती रोज चालणे वाढवत गेली.

दिगंबरला हसू फुटले आणि अर्ध्यातच विरले.

इंधन न मिळालेल्या शरीराने स्नायू जाळले होते, डॉक्टरांनी समजावले. त्याच वेळी अंगात पाणी साठत गेले, म्हणून काटा हलला नाही. हृदयही स्नायूच असते. तिचे ठोके आता चुकत होते.

"सोमवारी मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही, कुंदाताई. आजपासून थोडं थोडं खायचं, हळूहळू वाढवायचं. चालणं सध्या बंद. दोन महिन्यांनी पुन्हा बघू."

दिगंबरने खालच्या उपाहारगृहातून वाटीभर मऊ वरणभात आणला आणि चमचा तिच्या हातात दिला.

"खा गं. नवसाचं मी देवाशी बोलतो. दोन महिने काय, सहज काढीन."

चमचा तोंडाशी नेऊन कुंदा थांबली. डॉक्टर आता दिगंबरचे अहवाल पाहत होत्या. एक पान त्यांनी दुसऱ्यांदा वाचले.

"डॉक्टर," तिने विचारले, "काढील ना हा?"